लस टोचल्यावर गाय दूध का कमी करते?

(पारगाव, ता. आंबेगाव येथे पशुपालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी चहा घेत असताना एका आजींनी मला गाठले. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, सुई टोचली का बारा लिटरची गाय नवावर येती. मानेवर गाठ येती ती वेगळीच. दोन दिवसाचं दूध तुम्ही देणार का?" मी लसीकरणाचे वेळापत्रक सांगण्याच्या तयारीने आलो होतो. ते तक्ते दवाखान्याच्या भिंतीवर लावलेले असतात, ते आपण तेथे वाचू शकता. आज मी आजींच्या प्रश्नाचेच उत्तर देणार आहे. कारण लसीकरणाचे पथक आले की गायी उसात किंवा मळ्यात नेऊन बांधणारी घरे मी पाहिलेली आहेत, आणि त्यामागे हेच कारण असते.

प्रथम हे मान्य करतो की आजी खोटे बोलत नाहीत. लस टोचल्यावर काही जनावरांना एक-दोन दिवस, क्वचित तीन दिवस, ताप येतो. जनावर वैरण कमी खाते, रवंथ मंदावते, दूध घटते. टोचलेल्या जागी गाठ येते. लाळ्या-खुरकुताच्या तेलयुक्त लसीने गाठ जास्त दिवस राहते, घटसर्पाच्या लसीने ताप जरा अधिक जाणवतो. हे असे का होते, हे समजण्यासाठी शरीरात शिरावे लागेल.

आपल्या भागात बिबट्या नवीन नाही. डिंभे धरणाचे पाणी आले, ऊस वाढला आणि बिबट्या उसात राहू लागला. रात्री वस्तीवर तो येतो तेव्हा सर्वांत आधी कोणाला कळते? कुत्र्याला. बिबट्या नर आहे की मादी, माणिकडोहच्या केंद्रात कधी ठेवलेला आहे की नाही, हे कुत्र्याला कळत नाही आणि त्याला त्याची गरजही नाही. बिबट्याचा वास आला एवढे त्याला पुरते. हा वास त्याला कोणी शिकविलेला नाही, उपजतच ठाऊक आहे. तो भुंकतो, मग माणसे बॅटरी घेऊन बाहेर येतात. पण अमुकच बिबट्या ओळखायचा असेल तर त्याच्या अंगावरचे ठिपके पाहावे लागतात. प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे असतात आणि ते पाहून ओळखणारा माणूस वेगळा लागतो.

जनावराच्या शरीरात, आणि आपल्याही, अशीच दोन प्रकारची ओळख आहे. ठिपके ओळखणारी जी पेशी तिला बी पेशी म्हणतात. प्रत्येक बी पेशीच्या अंगावर एकाच आकाराचे साधारण लाखभर रिसेप्टर असतात. रिसेप्टर म्हणजे कुलूप समजा. त्यात एकच किल्ली बसते. एका पेशीचे कुलूप घटसर्पाच्या जंतूच्या एखाद्या तुकड्याला बसेल, दुसरीचे लाळ्या-खुरकुताच्या विषाणूला. किल्ली बसली आणि पेशी कामाला लागली तर ती वाढते, तिच्या हजारो प्रती होतात आणि त्या प्रतिपिंडे तयार करतात. रोगापासून वाचवितात ती हीच प्रतिपिंडे.

पण नुसती किल्ली बसून भागत नाही. वैरणीतले, दुधातले, परागातले असंख्य निरुपद्रवी पदार्थ रोज शरीरात येतात. प्रत्येकावर बी पेशी उठू लागली तर जनावर जगणार नाही. म्हणून बी पेशी थांबते. ती कुत्र्याच्या भुंकण्याची वाट पाहते. हे कुत्रे म्हणजे शरीराचे उपजत रिसेप्टर. त्यांना एकेका रोगाचे नाव ठाऊक नसते. जंतूच्या सालीवरील चरबीयुक्त पदार्थ, जंतूच्या शेपटीचे प्रथिन, विषाणूचा आरएनए, जंतूचा डीएनए अशा काही ठरावीक वस्तू ते ओळखतात. या वस्तू रोगजंतूला सहजासहजी टाकून देता येत नाहीत, म्हणूनच ही ओळख उपयोगी पडते.

या रिसेप्टरांपैकी एका मोठ्या कुटुंबाचे नाव 'टोल' असे आहे. चाळकवाडीच्या टोलनाक्याशी याचा काही संबंध नाही. जर्मन भाषेत टोल म्हणजे भन्नाट. केळ्यावर बसणाऱ्या चिलटासारख्या फळमाशीत हा जनुक प्रथम सापडला, त्या वेळी जर्मन संशोधिकेच्या तोंडून निघालेला हा उद्गार. तेव्हा त्याचा संबंध माशीच्या गर्भाच्या वाढीशी आहे एवढेच कळले होते. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत दिसले की टोल निकामी असलेली माशी बुरशीच्या रोगाने मरते. १९९८ मध्ये अमेरिकेत ब्रूस बॉयटलर यांनी उंदरात दाखविले की जंतूच्या सालीतील विष ओळखणारा रिसेप्टर याच कुटुंबातला आहे. या दोघांना २०११ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. माशी, उंदीर, गाय, कोंबडी, माणूस अशा सर्वांत हा राखणदार आहे. ही व्यवस्था किती जुनी आहे याचा अंदाज त्यावरून यावा.

आता पोल्ट्रीवाल्यांनी जरा लक्ष द्यावे. बी पेशीतला 'बी' कोठून आला? कोंबडीतून. पिलाच्या शेपटीच्या मुळाशी, विष्ठेच्या मार्गाच्या वर बर्सा नावाची लहान पिशवी असते. अमेरिकेतील ओहायो येथे ब्रूस ग्लिक हे तरुण संशोधक ही पिशवी काढून टाकून काय होते ते पाहत होते. त्यांच्याच काही कोंबड्या एका सहकाऱ्याने विद्यार्थ्यांना प्रतिपिंडे दाखविण्यासाठी वापरल्या आणि प्रात्यक्षिक फसले. प्रतिपिंडे झालीच नाहीत. ज्या कोंबड्यांची बर्सा काढली होती त्याच त्या निघाल्या. हे संशोधन १९५६ मध्ये कोंबड्यांविषयीच्या एका मासिकात छापून आले आणि माणसाच्या वैद्यकाने त्याची दखल बरीच उशिरा घेतली. गायी-म्हशींना किंवा आपल्याला बर्सा नसते. आपल्यात बी पेशी प्रामुख्याने हाडातील मगजात तयार होतात.

गंबोरो रोगात सुजते ती हीच बर्सा. गंबोरोचा विषाणू बी पेशी मारतो. पहिल्या तीन आठवड्यांत पिलांना गंबोरो होऊन गेला की पुढे मानमोडीची लस कितीही चांगली असली तरी ती धरत नाही. कुत्रा भुंकतो, पण उठायला घरात माणूसच नाही. पोल्ट्रीवाले लसीला दोष देतात, काही वेळा टोचणाऱ्यालाही. प्रत्यक्षात चूक महिनाभर आधीच्या गंबोरोची असते.

आता लसीकडे येऊ. जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस असेल, उदाहरणार्थ २०२२ मध्ये महाराष्ट्रात लंपी आला तेव्हा गायींना दिलेली शेळ्यांच्या देवीची लस, तर त्या विषाणूच्या अंगातच वास असतो. तो शरीरात थोडा वाढतो, उपजत रिसेप्टर त्याला ओळखतात, बी पेशी उठतात. परंतु मेलेल्या जंतूची किंवा विषाणूची लस असेल तर वास मंद असतो. तेथे भुंकायला लावणारी वस्तू वेगळी घालावी लागते. तिला ॲडज्युवंट म्हणतात. आपण सहायक द्रव्य म्हणू. घटसर्प आणि फऱ्याच्या लसीतील तुरटीच्या जातीचे पदार्थ, लाळ्या-खुरकुताच्या लसीतील तेल ही सहायक द्रव्येच होत.

गाठीचे कोडे येथे सुटते. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये गास्तों रामों हे पशुवैद्यक घोड्यांना घटसर्पाचे नव्हे, माणसांच्या घशाच्या डिफ्थेरियाचे विष टोचून औषध तयार करीत होते. त्यांच्या लक्षात आले की ज्या घोड्याच्या टोचलेल्या जागी गळू झाले, त्याच्या रक्तात जास्त प्रतिपिंडे असतात. मग त्यांनी लसीत मुद्दाम पावाचा चुरा आणि साबुदाण्यासारखे टॅपिओका घालून पाहिले, आणि प्रतिपिंडे वाढली. १९२६ मध्ये इंग्लंडमध्ये ग्लेनी यांनी तुरटी वापरली आणि ती आजतागायत चालू आहे. असे का होते हे साठ वर्षे कोणालाही नीट सांगता येत नव्हते. १९८९ मध्ये चार्ल्स जेनवे यांनी आपल्याच शास्त्रज्ञ मंडळींना हे उघडपणे सुनावले आणि उपजत रिसेप्टर असलेच पाहिजेत असे भाकीत केले. टोलचा शोध पुढे त्यांच्या भाकिताला धरून आला.

सर्व काही टोलच करतो असे मात्र समजू नका. २००६ मध्ये टोलचा निरोप पोहोचणार नाही अशा उंदरांना तुरटीयुक्त लस दिली तरी प्रतिपिंडे झाली. म्हणजे तुरटी अन्य वाटांनीही काम करते. माझे मत असे की घरात कुत्रे एक नसून चार आहेत. एक झोपला तरी बाकीचे भुंकतात.

टोलचा बी पेशीला थेट उपयोग कोठे होतो? बी पेशीच्या आतही टोल रिसेप्टर असतात. ती पेशी विषाणूचा अख्खा कण पकडून पोटात घेते. कण आत फुटला की त्याचा आरएनए आतल्या टोलला लागतो. ठिपकेही जुळले आणि वासही आला, दोन्ही एकाच पेशीत. अशी पेशी जोमाने वाढते, चांगल्या प्रतीची प्रतिपिंडे करते आणि काही पेशी आठवण ठेवून राहतात. म्हणूनच विषाणूचा अखंड कण लसीत शाबूत राहणे महत्त्वाचे. लाळ्या-खुरकुताचा कण उन्हात फुटतो. फुटलेल्या कणाची लस पाण्यासारखी टोचली जाते.

हे ज्ञान आपल्या दंडातही टोचले गेले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळा काढलेला करोनाचा विषाणू मारून कोव्हॅक्सिन लस तयार झाली. तिच्यात नुसती तुरटी नव्हती. टोल कुटुंबातील सातव्या आणि आठव्या रिसेप्टरला जागे करणारे द्रव्य तुरटीला चिकटवलेले होते. ते अमेरिकेतील कॅन्सासमध्ये सुनील डेव्हिड या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाच्या कंपनीने विकसित केले. जानेवारी २०२१ मध्ये लसीला परवानगी मिळाली. तेव्हा ज्यांचा दंड दुखला आणि रात्री अंग कसकसले, त्यांनी गायीची बाजू समजून घ्यावी.

ताप आणि दूध कमी होणे हे त्याच भुंकण्याचे परिणाम आहेत. राखणदार पेशी जागी झाली की ती रक्तात संदेशवाहक पदार्थ सोडते. ते मेंदूत जाऊन ताप वाढवितात, भूक कमी करतात. जनावर कमी खाते म्हणून दूधही कमी देते. घटसर्पाच्या लसीत ज्या जंतूची साल असते ती चौथ्या टोलला लागते, म्हणून तिथे ताप जास्त. दोन दिवसांनी हा आवाज थांबतो आणि दूध पूर्ववत होते. लसीने दूध कायमचे आटले असे कोणी सांगितले तर ताप, स्तनदाह, गाभण काळ किंवा अन्य कारण पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे. टोचल्यावर अर्ध्या तासात पापण्या सुजल्या, धाप लागली, तर मात्र ते भुंकणे नव्हे, ती ॲलर्जी आहे. पशुवैद्यकाला लगेच बोलवावे. म्हणूनच टोचणी झाल्यावर अर्धा तास जनावर नजरेसमोर ठेवावे.

गाठ किंवा ताप आला नाही म्हणजे लस लागली नाही, असाही उलटा अर्थ कृपया काढू नका. काही जनावरांत हे काहीच दिसत नाही, तरी प्रतिपिंडे होतात.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीत नवीन होतो, १९९० च्या दशकातली गोष्ट. पावसाळ्यापूर्वी घटसर्पाच्या लसी आल्या. दवाखान्यात वीज नव्हती म्हणून मी त्या एका ओळखीच्या घरी फ्रीजमध्ये ठेवायला दिल्या. त्यांनी काळजीपोटी वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. सकाळी बाटल्या गोठलेल्या होत्या. मी त्या उन्हात वितळविल्या. तळाशी नासलेल्या दुधासारखे कण बसले होते. हलविल्यावर थोडे मिसळले, म्हणून टोचून टाकल्या. श्रावणात त्या गावात दोन म्हशी घशाला सूज येऊन गेल्या. एका म्हशीची मालकीण विधवा होती. तिने मला काही विचारले नाही. लस टोचलेली जनावरे तरीही मरतात, असे त्या गावात दोन वर्षे सांगत असत, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे कळले की तुरटीयुक्त लस गोठली की तुरटीचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि बी पेशीपर्यंत जंतू पोहोचविण्याचे काम नीट होत नाही. गोठलेली लस परत वितळली म्हणून पुन्हा लस होत नाही.

म्हणून आपण स्वतः बाटली पाहावयास शिका. लस टोचायला येणाऱ्याला विचारायला लाजू नका. न गोठलेली चांगली लस हलविली की एकसारखी दुधाळ दिसते. गोठून वितळलेली तुरटीयुक्त लस हलवून ठेवली की काही मिनिटांत खाली बसते आणि वर स्वच्छ पाणी दिसते. शंका असेल तर त्याच बॅचची न गोठलेली बाटली शेजारी ठेवून पाहावे. तेलाची लस फाटली की तेल वेगळे दिसते. मेलेल्या जंतूच्या लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, बर्फाला थेट न टेकता राहिल्या पाहिजेत. बर्फाच्या पेटीत बर्फ आणि बाटली यांच्यामध्ये वर्तमानपत्राची घडी घालावी. देवीच्या लसीसारखी सुकी जिवंत लस मात्र थंडीला घाबरत नाही, पण पाण्यात कालवल्यावर लगेच, पथक सांगेल तेवढ्याच वेळात वापरावी लागते. तीच सुई गोठ्यातल्या सर्व जनावरांना वापरू देऊ नये.

लस चांगली असूनही जनावराच्या बाजूने काही गोष्टी बिघडतात. जंतांनी पोखरलेले, उपाशी, प्रवास करून आलेले, ताप असलेले जनावर लसीला नीट प्रतिसाद देत नाही. बुरशी लागलेली मक्याची भरड किंवा शेंगदाण्याची पेंड आपण थोडी उन्हात घालून तशीच चारतो. त्यातील अफ्लाटॉक्सिन हे प्रतिकारशक्ती कमी करणारे विष आहे आणि ऊन त्याला हटवीत नाही. लसीच्या दोन आठवडे आधी जंतनाशक द्यावे.

वासरांबाबत एक वेगळी गोष्ट आहे. गायीच्या वारेतून वासराला प्रतिपिंडे मिळत नाहीत, ती चिकातून मिळतात आणि वासराचे आतडे ती साधारण चोवीस तासच घेते. पंचवीस-तीस किलोच्या वासराला पहिल्या बारा तासांत अडीच-तीन लिटर चीक पोहोचला पाहिजे, त्यातला पहिला वाटा जन्मल्यावर तास-दोन तासांतच. खरवस मलाही आवडतो. पण तो नंतरच्या धारांचा करा. चिकातून आलेली ही आईची प्रतिपिंडे पुढे वासराच्या बी पेशीवर ब्रेक लावतात. प्रतिपिंड चिकटलेला जंतू पकडला की बी पेशीच्या अंगावरील दुसरा एक रिसेप्टर तिला थांबवितो. म्हणून लाळ्या-खुरकुताची पहिली लस चार महिन्यांनंतर, बूस्टर एका महिन्याने, आणि पुढे दर सहा महिन्यांनी. बूस्टर टाळू नका. पहिल्या लसीने जाग्या झालेल्या पेशी दुसरीने झटकन उठतात; पहिलीला जे दोन-तीन आठवडे लागतात ते दुसरीला काही दिवसांत होते. सांसर्गिक गर्भपाताची लस फक्त कालवडींना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच देतात. ती जिवंत जंतूची असल्याने टोचताना हातमोजे हवेतच. तो जंतू आपल्या सालीचा वास इतका मंद ठेवतो की चौथ्या टोलला तो नीट कळत नाही, म्हणून तो जनावराच्या शरीरात वर्षानुवर्षे लपून राहतो. माणसालाही लागतो.

आजी, तुमच्या दुधाच्या हिशोबाचे सांगतो. लाळ्या-खुरकुताने आजारी पडलेली संकरित गाय कित्येक आठवडे दुधावर परत येत नाही, काही कधीच येत नाहीत, आणि काहींना बरे झाल्यावरही उन्हाळ्यात धाप लागत राहते. दोन दिवसांचे सहा लिटर दूध एका बाजूला आणि हे दुसऱ्या बाजूला ठेवून पाहा. तरीही ते सहा लिटर वाचविण्याचा प्रयत्न आपण करू. टोचणी सायंकाळी थंड वेळी करून घ्या, त्या दिवशी जनावर लांब चारायला नेऊ नका, सावलीत पाणी भरपूर ठेवा, गाभण गाय असेल तर टोचण्यापूर्वी पथकाला सांगा. पुढच्या फेरीला एका वहीत टोचण्याच्या आधीचे तीन दिवस आणि नंतरचे सात दिवस, सकाळ-संध्याकाळचे दूध लिहून ठेवा. नातवाला सांगा लिहायला. ती वही घेऊन या. मला खरोखरच ते आकडे पाहावयाचे आहेत.

आता कोणाचे प्रश्न असतील तर विचारावेत.